ठकूबाईची मेढ

दत्तोपंत मास्तरांनी ठकूबाईची मेढ कापली, तेव्हा त्यांच्या मनात विज्ञानाखेरीज दुसरं काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण महाडच्या बाजारात नंतर बरंच काय काय बोललं गेलं.

मास्तर महाडात एका शाळेत भूगोल शिकवायचे. भूगोल हा विषय माणसाला बिघडवतो. गणिताचा मास्तर फार तर तिरसट होतो, संस्कृतचा फार तर पेंगतो. भूगोलाचा मास्तर मात्र सावित्रीच्या काठी बसून उत्तर ध्रुवाची काळजी वाहू लागतो. त्या वर्षी सुट्टी लागता लागता त्यांच्या हाती मुंबईहून एक जुनं इंग्रजी मासिक आलं. पार उत्तरेकडच्या मुलखात, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि हिवाळ्यात उगवायचं, तिथले विद्वान म्हणे जुनी झाडं कापून त्यांच्या पोटातली कडी मोजतात. झाड दरवर्षी अंगावर एक कडं चढवतं. उन्हाळा उबदार गेला तर कडं जाड, गारठ्यात गेला तर सुतासारखं बारीक. सालीपासून मोजत आत आत गेलं की आपल्या पणजोबांच्या वेळचं हवामान, जे बघायला तिथं अस्वलांशिवाय कोणी नव्हतं, ते आज घरबसल्या सांगता येतं.

"अगं, झाड खोटं बोलत नाही," मास्तर बायकोला, म्हणजे कालिंदीबाईंना म्हणाले.

"बरं. तो पाट सरकवा इकडं."

मास्तरांनी पाट सरकवण्याआधी उलटापालटा करून पाहिला. पाट उभा चिरलेला, त्यात कडी कुठली दिसायला. लाटणं पाहिलं, मुसळ पाहिलं, दाराची चौकट पाहिली. आपल्याकडं थंडीच्या जागी पाऊस धरायचा, एवढं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: पाऊस चांगला तर कडं जाड, पाऊस आटला तर बारीक. फक्त आडवं कापायला एक झाड हवं होतं. आणि बाजाराच्या दिवशी सकाळी ते मागीलदारी गेले, तर भिंतीला टेकून एक सरळसोट सागाचा सोट उभा. ठकूबाई त्यांच्याकडं सरपणाच्या मोळ्या घालायची. तिनं या खेपेला लांबच लांब मोळी आणलेली दिसते, असं मास्तरांना वाटलं. शेजारच्या सुताराची करवत आणून त्यांनी सोटाच्या बुंध्याची एक चकती काढली. ती तिरकी गेली. दुसरी काढली, ती तडकली. तिसरी मात्र अशी सुरेख निघाली की मास्तर ती पाटावर ठेवून पूजेला बसावं तसे तिच्यापुढं बसले.

कालिंदीबाई बाहेर आल्या आणि तिथल्या तिथं मटकन खाली बसल्या.

"अहो, ही ठकूबाईची मेढ आहे. घराचा मधला खांब. भावानं दिला तिला, आता बाजाराहून परतणाऱ्या रिकाम्या गाडीवर टाकून न्यायची होती."

"मला वाटलं सरपण."

"सरपणाला कोणी असा दुबेळक्याचा, वर दोन फाटे राखलेला साग आणतं? एवढं कळायला इंग्रजी मासिक लागतं का हो?"

तेवढ्यात ठकूबाई आलीच.

ठकूबाई पोलादपूरच्या वाटेवरच्या एका डोंगरवाडीतली. वयानं तिशीची, दिसायला पन्नाशीची. नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडचाच होऊन राहिला. सासरचं छप्पर गेल्या पावसाळ्यात बसलं होतं. वर्षभर ती आणि तिची मुलगी आवडी एका कुडाच्या आडोशाला राहत होत्या. आवडीला पंधरावं सरत आलेलं. वरंधच्या भागोजीनं आपल्या मुलासाठी तिची विचारपूस केली होती आणि घर बघायला येतो म्हणून निरोप धाडला होता. पाहुणे यायच्या आत घर उभं करायचं, म्हणून भावानं माहेरच्या वरकस, डोंगरउताराच्या जमिनीतला साग तोडून दिला होता. भावाकडं द्यायला दुसरं काही नव्हतंच.

तिनं मेढीकडं पाहिलं, जमिनीवरच्या तीन चकत्यांकडं पाहिलं, हातभर आखूड झालेल्या बुंध्यावरून बोटं फिरवली. मास्तर रडकुंडीला आले होते. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मी दुसरा खांब आणून देतो ठकूबाई. वखारीत बघतो."

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या हाताचा दोष नाय, मास्तर. माझंच पाय पांढरं."

हे ती अशा सुरात म्हणाली, जशी एखादी म्हणते की आमच्याकडं विहिरीला पाणी कमी. मास्तरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा थोडं थोडं निघालं. ती लग्न होऊन वाडीत आली, त्या पावसाळ्यात नाचणी वाळली. पुढच्याही वाळली. गुरं गेली, सासरा गेला, आणि सासूनं एक दिवस पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, पांढऱ्या पायाची आणली. तेव्हापासून वाडीत पेरणीला हात घालायच्या दिवशी ठकूबाई घराबाहेर पडत नसे. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण ती पडत नसे. लग्नाच्या मांडवात जायची ती सगळे जेवून उठल्यावर, खरकटी काढायला. आता भागोजीच्या कानांवरही हे गेलं होतं. आईचे पाय असे, मग लेकीचे कसे असतील, असा त्याचा घोळ चालला होता.

"लग्न कधी झालं तुझं?"

तिनं सांगितलं. मास्तरांनी चकती उचलली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि सुई घेऊन सालीपासून आत मोजत गेले. मोजता मोजता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा मोजलं.

"ठकूबाई, इकडं बघ. हे तुझं लग्न. आणि ही कडी बघ, कशी एकमेकांना चिकटलीत. ही कोरडीची वर्षं. पण ती सुरू कुठं झाली? इथं. तू सासरी जायच्या दोन वर्षं आधी. पाऊस आधीच आटत चालला होता गं. तुझा काही संबंध नाही."

ठकूबाईनं चकती हातात घेतली नाही. नुसतं एक बोट त्या बारीक कड्यांवर ठेवलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

"हे खरं हाय?"

"झाड खोटं बोलत नाही."

"मंग भागोजीदादाला सांगाल? मी सांगून काय उपेग. तुमचं ऐकंल त्यो."

सोळा-सतरा वर्षांत तिनं कोणाकडं काही मागितलं असेल तर ते हेच. आखूड मेढ गाडीवर टाकून ती गेली. जाताना वळून दोनदा बघितलं. मेढीकडं नव्हे, मास्तरांच्या हातातल्या चकतीकडं.

मास्तर वरंधला बैलगाडीनं गेले. वाटेत गाडीवानाला त्यांनी उत्तर ध्रुव समजावून सांगितला. गाडीवान म्हणाला, तिकडं बैलांना पेंढा कुठला मिळायचा. मास्तरांना हा प्रश्न फार मार्मिक वाटला. ते खुशीत होते. आपल्या विषयाचा कोणाला तरी उपयोग होतोय, हे सुख भूगोलाच्या मास्तराच्या वाट्याला सहसा येत नाही.

भागोजी सज्जन माणूस निघाला. ओटीवर घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं, आणि मास्तर बोलत होते तोवर एकदाही मधे बोलला नाही. मास्तरांनी उत्तरेकडचा बर्फ सांगितला, जाड कडं, बारीक कडं सांगितलं, ठकूबाईच्या लग्नाच्या वर्षावर सुई टेकवली आणि तिथून आत सरकवली.

"म्हणजे बघा भागोजीराव, ती वाडीत यायच्या आधीच कोरड सुरू झाली होती."

भागोजीनं चकती घेऊन उजेडाकडं धरली. कडी निरखून पाहिली. शंका घेतली नाही, हेच वाईट झालं.

"झाड कुठलं ह्ये?"

"तिच्या माहेरचं. भावानं तोडून दिलं."

"माहेरचं." भागोजीनं मान हलवली. "म्हंजे माहेरी व्हती तवा माहेर सुकवलं, नि सासरी आली तवा सासर सुकवलं."

"अहो, तसं नव्हे. हा पाऊस आहे. पाऊस सगळ्या डोंगराला सारखा—"

"मास्तर, आमी अडानी मानसं. आमाला वाटत व्हतं सासू उगा बोलली आसंल. तुमी झाडातनं काढून दावलंत. झाड खोटं बोलत नाय, आसं तुमीच म्हनलात ना आत्ता?"

मास्तरांनी म्हटलं होतं. ते पाऊस, ढग, वारे यांच्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले. शाळेत वर्ग पेंगतो तसा भागोजी पेंगला असता तरी चाललं असतं. पण तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं,

"पोरीचं साल कुठलं?"

मास्तरांनी आवडीचं साल मनात धरून सुई सालीपासून आत नेली. ती जिथं टेकली, तिथलं कडं सगळ्यांत बारीक होतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला एक चांगलं जाडजूड कडं होतं. सुई केसभर अलीकडं धरली असती की झालं असतं. कोणाला कळणार होतं? पण मास्तरांनी जन्मभर पोरांना एकच शिकवलं होतं, की मोजणीत लबाडी करायची नाही. आणि सुई तर टेकली होती. भागोजी वाकून बघत होता.

"बाबौ," भागोजी हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "गरीब हाय वो पोरगी."

मास्तर उठले. चकती उचलायला वाकले, तर भागोजीनं तिच्यावर हात ठेवला.

"ही ऱ्हाऊ द्या हितंच. पुतन्यांचंबी जमवायचं हाय मला."

पुढचं मास्तरांना तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, आणि दर बाजाराला कोणी ना कोणी ते आणून पोचवी. चकती वरंधहून खाली उतरली, वाडीवाडीला फिरली. तिच्यावर कोणीतरी तेल चोळून कडी उठावदार केली. ज्यांच्या घरी पत्रिका म्हणून कधी नव्हती, त्यांना आता झाडाची पत्रिका मिळाली. बारीक कड्यांच्या सालातल्या पोरी नको, म्हणून लोक पाय मागे घेऊ लागले. त्याच सालात जन्मलेल्या पोरांचं काय, हे मात्र कोणी चकतीला विचारलं नाही. एक म्हातारा तर मास्तरांच्या दारी येऊन उभा राहिला. नातीचं साल बघायचं होतं त्याला. हातात सीताफळं होती. मास्तरांनी त्याला हे सगळं कसं चूक आहे ते परोपरीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सीताफळं ठेवून विचारलं, "मंग बारीक हाय म्हंता?"

कालिंदीबाईंनी ते मासिक कधीतरी चुलीत घातलं.

ठकूबाई मोळी घेऊन यायची थांबली होती. दसरा झाल्यावर मास्तर वाडीवर गेले. कधी नव्हे ते चढणीला त्यांचं तोंड बंद होतं. घर उभं होतं, पण दारातून आत जाताना त्यांचं कपाळ वाशावर आपटलं. आतही मान वाकवूनच उभं राहावं लागत होतं. मेढ आखूड पडली म्हणून छप्पर खाली घेतलं होतं. मधोमध ती होती, सागाची, तेवढीच एक सरळ.

आवडी नव्हती. भर पावसात, वाजंत्रीशिवाय, तिला पोलादपुराकडच्या एका बिजवराला दिली होती. त्याची आधीची पोरं तिच्याच वयाची होती. त्यानं साल विचारलं नव्हतं, एवढंच ठकूबाईनं सांगितलं. मग ती नाचणी निवडत बसली.

मास्तर मेढीला पाठ लावून बसले. पाठीला तिचं तासलेलं लाकूड गुळगुळीत लागत होतं. शेवटी त्यांना राहवेना.

"ठकूबाई, मी आता काय करू, तूच सांग."

ठकूबाईनं सूप पाखडलं आणि वर न बघता म्हटलं, "काय करू नका, मास्तर."