मोहाखालची परीक्षा

"गुर्जी, इथून फळा दिसत नाई."

शाळेत येणारे साहेब खुर्चीवर बसत. हे साहेब मात्र दाराजवळच्या तरटावर, गोंडांच्या मुलांत बसले आणि पहिले वाक्य हे बोलले. जंगलातल्या त्या शाळेचा मी एकमेव शिक्षक. गोंडांचीच मुले चौथीआधी का गळतात आणि सरकारने त्यावर काय करावे, हे शोधायला त्यांना नागपूरहून पाठवले होते.

"मोहाची पिऊन झाडाखाली पडून असायचा," असे त्यांच्याविषयी आजही सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या झाडाखाली नव्हता. मी होतो.

आमची वार्षिक परीक्षा आणि मोहाचा हंगाम एकाच वेळी येई. फुले पहाटे गळतात. ऊन चढण्याआधी वेचली नाहीत तर जनावरे खातात. पोरेसोरे सगळी रानात. परीक्षेला गैरहजर म्हणजे नापास.

"यायले शिकाचंच नाई, सायब," गावचे पाटील म्हणाले.

"भाऊ, धान कापणीले शाळा बंद ठेवता ना?" साहेबांनी विचारले.

"मंग? धान घरी कोन आनन?"

"तेच म्हणून राह्यलो मी."

परीक्षा पुढे ढकलावी असे त्यांनी वर कळवले. उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनी ती मोहाखालीच घेतली. एका मुलीला म्हणाले, "टोपलीतली फुलं तिघा भावंडायत वाट."

"अन् मायले?"

साहेब हसले. "हे सरकारले बी सुचलं नाई. पास."

त्या वर्षी दाराजवळचे तरट पहिल्यांदाच पुढच्या वर्गात गेले. पण पहाटे मोहाखाली बसलेल्या परक्या माणसाविषयी आमच्याकडे एकच तर्क होतो. तक्रार गेली. त्यांनी थेंबही घेतला नव्हता, हे मी चौकशीत लेखी दिले. ते कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही. साहेबांना परत बोलावले. परीक्षा रद्द झाली आणि मुले पुन्हा दाराजवळ येऊन बसली. त्याच वर्षी राज्यांच्या पुनर्रचनेत आमचा जिल्हाच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. जुन्या सरकारने विचारलेला प्रश्न नव्या सरकारने विचारला नाही.

पुढल्या चैत्रात परीक्षेच्या सकाळी मी रानात गेलो. तीच मुलगी फुले वेचत होती. माझ्या मागे कोणी येते आहे का, हे तिने वाकून पाहिले.

"गुर्जी, सायब कुठी हायेत? मी मायचा बी वाटा काढून ठेवला."

शाळेची घंटा माझी वाट पाहत होती. तरटावर त्या दिवशी कोणी नव्हते.