रस्सा वाढल्याचा गुन्हा

माझ्या आईला आयुष्यात एकदाच शिक्षा झाली आणि ती रस्सा जास्त वाढल्याबद्दल. शिक्षा कुणा माणसानं दिली नाही, मोबाइलमधल्या एका ॲपनं दिली. रस्सा वाढला आईनं, पोचवला वडिलांनी आणि दोघांना त्या वाटेला लावलं मी. खरा आरोपी कोण ते तुम्ही ठरवा. मी माझी बाजू मांडणार आहे आणि मला सोयीची पडेल तशीच मांडणार आहे.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ आहे. आठ टेबलं, दोन चुली, भाकरी थापणाऱ्या दोन बायका, रश्श्याला आई आणि गल्ल्यावर वडील. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, त्यामुळे गिऱ्हाईक नुसतं हात धुवायला उठलं तरी ते 'आगे बढो' म्हणतात. हळदीचे अडते, हमाल, गुळाच्या सौद्याला आलेले शेतकरी असं आमचं गिऱ्हाईक. मटणाचं ताट घेतलं की तांबडा आणि पांढरा रस्सा पाहिजे तितका, ही रीत. तो मागायचा नसतो, आपोआप येतो. आई ओगराळं घेऊन टेबलांमधून फिरत असते. पुरे म्हणायचं तर वाटीवर हात आडवा धरायचा, आणि तरी ती बोटांच्या फटीतून थोडा सोडतेच. बोटं भाजलेली माणसं दुसऱ्या दिवशी परत जेवायला येतात, म्हणून यात काही गैर आहे असं तिला कधी वाटलं नाही.

पण जुने अडते थकले आणि त्यांची मुलं गादीवर बसल्या बसल्या फोनवरून जेवण मागवायला लागली. दुपारची टेबलं रिकामी दिसू लागली. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरात शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. मीच कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो गळ्यात ओळखपत्र अडकवून आला, ताटाचे फोटो काढले आणि करार पुढे ठेवला. करार इंग्रजीत होता. मी तो चाळला, 'सगळं ठीक आहे' म्हटलं आणि वडिलांनी हुद्द्यासकट सही ठोकली.

पहिली ऑर्डर आली तेव्हा फोन टिणटिणला आणि सगळं स्वयंपाकघर माझ्याभोवती जमलं.

"कोण हाय?" आईनं विचारलं.

"ते सांगत नाहीत. एक मटण ताट, एवढंच लिहिलंय."

"आगं पर म्हातारं हाय का तरणं? तिखट झेपतंय का न्हाई? किती भुकेलंय?"

"आई, ते कळत नसतं."

"मग वाढू कुणाला?"

आईनं मग आपल्या अंदाजानं चार माणसांचा रस्सा भरला. न्यायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे, आष्ट्याचे, साखर कारखान्यातली नोकरी सुटल्यावर या कामाला लागलेले. त्यांनी पिशवी उचलून पाहिली आणि हात जोडले. "आवं मावशी, एवढं घिऊन गाडी चालवायची म्हंजे मला दुसरा मानूस लागंल!" शेवटी एका वाटीवर तडजोड झाली. आई मात्र दिवसभर चुटपुटत राहिली. दोन भाकऱ्यांना एक वाटी रस्सा म्हणजे तिच्या लेखी उपासच.

मग एक दिवस ऑर्डरखाली टीप आली: मीठ अगदी कमी, तिखट नको, भाकरी मऊ. आईनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि जाहीर केलं, "आजारी मानूस हाय." ते आष्ट्याचे गृहस्थ, आमचे आष्टेकर, परत आले तेव्हा तिनं त्यांना चहा पाजून पत्ता काढून घेतला. विश्रामबागेकडे, दुसरा मजला, काठी घेऊन चालणारे एकटे आजोबा. झालं! वडिलांच्या हातात कडीचा डबा दिला, डब्यात बिनतिखटाचा गरम पांढरा रस्सा, आणि त्यांना स्कूटरवर रवाना केलं. वडिलांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मोहीम मिळाली होती. ते मिशांना पीळ देऊन गेले आणि तासाभरानं आले. आजोबाही फौजी निघाले होते. दोघांनी मिळून डबा संपवला होता.

त्यानंतर रोजचं सुरू झालं. पार्सल पुढे, आष्टेकरांकडून पत्ता घेऊन वडील मागे. बेल वाजवायची, ताठ उभं राहायचं आणि विचारायचं, "रस्सा पाहिजे का? पोट भरलं का?" बहुतेक लोक चकित होऊन पातेलं पुढे करायचे. ॲपवर आम्हाला चांदण्या पडू लागल्या. एकानं लिहिलं की जेवणामागून सैन्य येतं, पण चांगलं येतं. मी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. ऑर्डरी इतक्या वाढल्या की थंड पडत चाललेली दुसरी चूल पुन्हा दिवसभर पेटती राहिली.

एका दुपारी वडील भरलेला डबा तसाच घेऊन परत आले. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बाईनं दार बोटभर उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि लावून घेतलं. "डर गयी बिचारी," वडील म्हणाले आणि स्वतःच थोडे ओशाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर लाल अक्षरं आली: ग्राहकाच्या खासगीपणाचा भंग, खातं बंद. खाली आमच्या खानावळीचा फोटो राखाडी करून टाकला होता.

मी भडकले. मला भडकायला फार वेळ लागत नाही. मदत केंद्राशी बोलायला गेले तर तिथं यंत्र. मी लिहिलं, खातं का बंद केलं? उत्तर आलं, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपली समस्या सुटली का? मी 'नाही' दाबलं. उत्तर आलं, धन्यवाद, आपल्याला मदत करताना आनंद झाला. आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "त्याला इचार, जेवला का." मी खरंच तसं लिहिलं. त्यानं ऑर्डर क्रमांक मागितला.

हसण्यावारी नेलं तरी पंधरा दिवसांत हसू सुकलं. दुसरी चूल विझली. भाकरीवाल्या दोघींपैकी धाकटीला आईनं जड तोंडानं सांगितलं की काही दिवस घरी बस. कवठे महांकाळकडची बाई ती, नवऱ्याच्या माघारी दोन मुली शिकवत होती. ती घरी गेली आणि दुसऱ्या सकाळी परत येऊन दारात लसूण सोलत बसली. मजुरी मागितली नाही. आईला तिच्याकडे बघवेना. खातं सुरू झालं नाही तर या बाईला कायमची रजा द्यावी लागणार, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्याच सुमारास जिल्हाधिकारी कचेरीत एक बैठक लागली. या ॲपवाल्यांसाठी काही नियम करावेत का, यावर हॉटेलवाल्यांनी, ग्राहकांनी आणि कंपन्यांनी आपापलं म्हणणं मांडायचं होतं. मी आई-वडिलांना घेऊन गेले. सभागृह गच्च भरलं होतं. एक हॉटेलवाला म्हणाला, सवलत कंपनी जाहीर करते आणि कापते माझ्या खिशातून. दुसरा म्हणाला, गिऱ्हाइकाला पैसे परत देताना मला विचारतसुद्धा नाहीत. एका ग्राहकानं पनीर नसलेल्या पनीरचा फोटो सर्वांना फिरवून दाखवला. कंपनीचा अधिकारी कोट घालून बसला होता आणि प्रत्येकाला 'ते आमच्या धोरणात आहे' असं सांगत होता. उकडत होतं, पण कोट काही काढत नव्हता.

आई उठली. पदर खोचला.

"सायेब, माझं खातं बंद का केलं?"

अधिकाऱ्यानं लॅपटॉपवर बोटं चालवली. "तुम्ही ग्राहकाच्या घरी गेलात, मावशी. पत्ता कुणी दिला तुम्हाला?"

आष्टेकर मागच्या रांगेत भिंतीला चिकटून उभे होते. आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांगली केवढीशी हाय सायेब? तुमी बी कुठं उतरलाय ते मला म्हाईत हाय."

सभागृह हसलं. अधिकारी हसला नाही. त्यानं पडद्यावर करार लावला आणि एका ओळीवर पिवळा रंग ओढला. ग्राहकाशी परस्पर संपर्क साधल्यास खातं बंद करण्यात येईल. खाली वडिलांची सही, सुभेदार या हुद्द्यासकट, पडद्यावर हातभर मोठी. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. मी छताचा पंखा बघितला.

आता कबूल करते. ती ओळ मी वाचली होती. वाचली आणि वाटलं, हे आईला सांगितलं तर ती सही करू देणार नाही, तास-दोन तास वाद घालेल, आणि कळायचं तर तिला काहीच नाही. म्हणून मी पान उलटलं. वडील डबा घेऊन निघाले तेव्हाही आठवली होती, पण चांदण्या पडत होत्या.

मी काही बोलण्याआधी ग्राहकांच्या बाजूनं एक बाई उभी राहिली. तिशीची असेल, बँकेत काम करणारी. "ती तक्रार माझी होती," ती म्हणाली. "मी एकटी राहते. अनोळखी माणूस माझ्या दारात उभा, आणि मी काय जेवले ते त्याला माहीत. मी खरंच घाबरले. माझा पत्ता असा कुणालाही मिळता कामा नये."

वडील उभे राहिले, सॅल्यूट करू की हात जोडू या गोंधळात दोन्ही करून बसले. तोवर आईला राग होता, आता तो कुठे ठेवावा ते कळेना.

"चुकलं बाई माझं," आई म्हणाली. "मला वाटलं उपाशी ऱ्हाशील. तू भेशील हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

बाई खाली बसेल असं वाटलं, पण ती अधिकाऱ्याकडे वळली. "पण यांची खानावळ बंद करा असं मी कधी म्हटलं? मी फक्त कळवलं की दारात कुणी येऊ नये. तुम्ही मला विचारलं नाही, यांनाही विचारलं नाही."

अधिकारी म्हणाला, "ते आमच्या धोरणात आहे." या वेळी तो कोटाची बटणं सोडत होता.

मग मलाही चेव चढला. मी उठून लांबलचक भाषण केलं. राबणाऱ्या माणसाच्या वतीनं परस्पर निर्णय घेणारे तुम्ही कोण, वाट्टेल ते कलम घालून अडाणी समजता काय, ऐकून घेतल्याशिवाय खातं बंद करता येणार नाही असा नियम झालाच पाहिजे, वगैरे. टाळ्या पडल्या. बैठक घेणाऱ्या सरकारी साहेबांनी सूचना लिहून घेतल्या. मी जिंकल्यासारखी बाहेर आले.

आम्ही रिक्षात बसलो. यार्ड जवळ आलं तेव्हा आई म्हणाली.

"भाषन चांगलं केलंस. त्या कंपनीनं मला इचारलं न्हाई म्हनलीस, लय खरं हाय. पर त्येंनी माझं तोंड बघितल्यालं न्हाई गं. तू तर रोज बघतीस."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आठवड्यानं कंपनीचा निरोप आला. खातं सुरू होईल, पण नवा करार करा. या वेळी आई म्हणाली, सही मी करनार, आनि तू वाच. भाकऱ्यांची परात बाजूला सारून आम्ही बसलो. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ग्राहकाकडे जायचं नाही, या ओळीवर ती म्हणाली, "ह्ये बरोबर हाय. त्या बाईसाठी हाय." पुढे शेवटच्या पानावर होतं की कंपनी कधीही, कारण न सांगता खातं बंद करू शकते.

"आनि ह्ये कुणासाठी?"

मी पान उलटून पाहिलं. पुढे फक्त सहीची जागा होती.

तिनं दाराकडे पाहिलं. दारात धाकटी भाकरीवाली लसूण सोलत होती, वर बघत नव्हती. आईनं पेन घेतलं. सहीच्या वर, रेघ सोडून, शाळेतल्यासारख्या मोठ्या अक्षरात लिहिलं: हे शेवटचं मला मान्य नाही. बंद करायच्या आधी येऊन विचारा. मग सही केली. मी म्हटलं, आई, हे ते फेटाळतील. तिनं म्हटलं, पाठव. मी फोटो काढून पाठवला.

दुसऱ्या सकाळी खातं सुरू झालं. फोन टिणटिणला, खानावळीच्या फोटोला रंग आला, धाकटीनं हात धुऊन परात पुढे ओढली. कंपनीचा संदेशही आला: आपला करार तपासून मंजूर करण्यात आला आहे.

आईला मी तो वाचून दाखवला. चूल पेटवता पेटवता ती थांबली.

"म्हंजे त्येंनी बी वाचला न्हाई," ती म्हणाली.