अखिलाक्का आणि पूजेतली सीडी

अखिलाक्काने सव्वीस वर्षं तंजावूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांना 'लाइन मिळत नाही' असं सांगितलं. उरलेलं आयुष्य तिने त्या वाक्याचा सूड उगवण्यात घालवलं.

त्या काळी परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. खेड्यातला माणूस दहा कोस सायकल मारून पोस्टात यायचा, नंबर द्यायचा आणि बाकावर बसून राहायचा. तिकडे अखिलाक्का बोर्डावर दोऱ्या खुपसत असायची, आणि तासाभराने त्याला तेच ऐकवायची. कुणाची आई आजारी, कुणाचा नवरा मद्रासच्या इस्पितळात. काही जण फोनवरच रडायचे. ती कधी रडली नाही. पण घरी आल्यावर भांडी जरा जोरात आपटायची. मग एसटीडी आलं, नाक्यानाक्यावर पिवळे बूथ उघडले आणि बोर्ड बंद पडला. सरकारने तिला बिलं भरून घ्यायच्या खिडकीत बसवलं. चार महिन्यांत तिने नोकरीला रामराम ठोकला.

राहायची राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे तंजावूरची मराठी घरं अजून दाटीवाटीने उभी आहेत. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. देवनागरी तिला वाचता येत नव्हती. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला आणि यावर हळहळला, तर ती म्हणायची, "मराठी आम्ही तीनशें वर्षें तोंडानेंच जपली. तुम्ही पुस्तकांत ठेवून काय केलांत तें सांगा." लग्न केलं नव्हतं. कारण विचारणाऱ्याला 'लाइन बिझी होती' एवढंच उत्तर मिळे.

अठ्ठ्याण्णव साली तिचा भाचा विश्वेश चेन्नईहून आला आणि येताना दोन सीड्या घेऊन आला. त्या दोन चकत्यांत एक अख्खा इंग्रजी विश्वकोश होता. भिंतभर कपाट लागेल एवढा मजकूर, शिवाय चित्रं, नकाशे, पक्ष्यांचे आवाज. त्याच्या ऑफिसात म्हणे आता इंटरनेट आलं होतं आणि हे सगळं त्यावरही दिसणार होतं. पेपरांत तर रोज जग जवळ आल्याच्या जाहिराती. अखिलाक्काला त्या वाचून हसू यायचं. कुठल्या गावात तारेचा खांब आहे आणि कुठल्या गावात फक्त खांबासाठी केलेला अर्ज आहे, हे तिला तोंडपाठ होतं. खांबच नाही तिथे जग कुठल्या वाटेने जवळ येणार?

"ह्याला लाइन लागत नाहीं?" तिने विश्वेशला तीनदा विचारलं.

"नाही आत्या. संगणक आणि वीज, बस."

"मग हें मला पाहिजे," ती म्हणाली. त्याने द्यायचं ठरवलं होतं की नाही, हा प्रश्न तिथेच मिटला.

जोडीला तिने वरुणराव धरले. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेले, निवृत्त, वयाने मोठे असूनही तिला 'अक्का' म्हणणारे सज्जन गृहस्थ. त्यांनी तीन बंद पडलेल्या संगणकांतून दोन चालते उभे केले. मग दोघं गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन ऑटोतून गावोगावच्या शाळांत जाऊ लागली. अक्का इंग्रजी वाचायची आणि मुलांना तमिळमध्ये सांगायची. वरुणराव व्होल्टेजकडे डोळे लावून बसायचे. लोक हसले. एका शिक्षणाधिकाऱ्याने सल्ला दिला की दोन वर्षांत सगळीकडे इंटरनेट येणार आहे, तोवर थांबा. अक्काने त्याला विचारलं, "तुमच्या मुलाला दोन वर्षं वर्गाबाहेर उभं करता?"

दुसरा संगणक त्यांनी सीड्यांसकट नव्व्याण्णवच्या जुलैमध्ये तिरुवैयारुपलीकडच्या एका शाळेला कायमचा दिला. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. आठवीपर्यंतची शाळा, कावेरीच्या काठाला लागून. खाजगी शाळा, सरकारी अनुदानावर चालणारी. तिच्या मालकाला तिकडे करस्पाँडंट म्हणतात. फोन नाही, वीज बऱ्यापैकी. पहिल्याच दिवशी सातवीतली संगीता नावाची मुलगी पुढे आली. तिला विचारायचं होतं की कावेरी गोड आणि ती जिथे जाते तो समुद्र खारट, असं का. तिने एका बोटाने एक अक्षर दाबलं आणि घंटा झाली.

"पुढच्या आठवड्यात आपण दोघी शोधू," अक्का म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अक्का टायफॉइडने आडवी झाली. त्यातून उठते तोवर काविळीने धरलं. वरुणराव तिच्या उशाशी औषधं मोजत बसले. तीन महिने गेले. तापात ती त्या मुलीचं नाव घेत असे आणि पाठोपाठ म्हणे, लाइन मिळत नाही.

ऑक्टोबरात, आयुधपूजेला दोन दिवस असताना, काठीसारखी झालेली अखिलाक्का शाळेत जाऊन उभी राहिली. हेडमास्तर सुब्रमण्यम यांनी तिला मोठ्या अभिमानाने आपल्या खोलीत नेलं, कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. आत भरतकाम केलेल्या कापडाखाली संगणक होता. मॉनिटरवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.

"एक ओरखडा नाही, अम्मा," ते म्हणाले.

"आणि मुलं?"

"मुलांना महिन्यातून एकदा ओळीने दाखवतो. लांबून."

अक्का खुर्चीत बसली. संतापाने तिने डोळे मिटून घेतले, पण हेडमास्तरांना वाटलं, अशक्तपणामुळे. त्यांनी पाणी आणून दिलं आणि खाली मान घालून पुढचं सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, सरकारी शाळेत असताना, त्यांच्या वर्गात एका मुलाच्या हातून सूक्ष्मदर्शक पडला होता आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांची तीन जिल्हे पलीकडे बदली झाली होती. तेव्हापासून ते काही बाहेर ठेवत नाहीत. शिवाय आता करस्पाँडंटसाहेबांनी ठरवलं आहे की विजयादशमीला पूजा उठली की संगणक त्यांच्या तंजावूरच्या घरी न्यायचा. तिथे सुरक्षित राहील. त्यांचा नातूही त्यावर शिकेल.

परतीच्या ऑटोत वरुणराव हळूच म्हणाले, "अक्का, आपणच घेऊन जाऊं. दुसरी शाळा बघूं."

"घेऊन गेलों म्हणजे तेंही कपाटच झालें, वरुणराव. तें पोरीचें आहे. तेथेंच राहील."

"करस्पाँडंट मोठा माणूस."

"मी गव्हर्नरचा कॉल ताटकळत ठेवलेली बाई आहें," अक्का म्हणाली.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी कोयत्यापासून बसगाडीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं, पुस्तकं सरस्वतीपुढे ठेवतात, आणि पूजेत बसलेल्या पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही, एक ओळही वाचायची नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा आरती करून ती पुस्तकं उचलायची आणि थोडंतरी वाचायचंच. त्याच सकाळी गावोगावचे लोक लहान पोरांना घेऊन शाळेत येतात आणि तांदळात त्यांचं पहिलं अक्षर गिरवून घेतात.

अक्का आणि वरुणराव पोचले तेव्हा शाळेचं अंगण पालकांनी भरलं होतं. सुंडल, म्हणजे प्रसादाची चण्यांची उसळ, वाटणं चाललं होतं. फाटकाशी करस्पाँडंटांची गाडी उभी, मागचं दार उघडंच. शाळेच्या ओसरीवर सरस्वतीपुढे पुस्तकांची चळत, आणि शेजारी, झेंडूच्या माळेखाली, संगणक. हेडमास्तरांनी कुठे कमी केलं नव्हतं. मॉनिटरला तीन बोटं चंदन, कीबोर्डच्या ओळीओळीवर चंदन. आणि दोन्ही सीड्या डब्यातून काढून चकचकीत बाजू वर करून ठेवलेल्या. ज्या बाजूला सगळं लिहिलेलं असतं तीच बाजू. आरशासारखी दिसते म्हणून तिच्यावर चंदनाचे पाच टिपके आणि मधोमध कुंकू.

वरुणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "गेलें," ते पुटपुटले.

अक्काने हेडमास्तरांकडे पाहिलं. माणूस पहाटे अंघोळ करून, उघड्या अंगाने, भक्तिभावाने उभा होता. त्याला आपण काय करून बसलो याची कल्पनाही नव्हती. तीन दिवस साठवलेला राग त्याच्यावर काढायचा तिने बेत केला होता, तो तिने गिळला. राग काढायला योग्य माणूस पहिल्या खुर्चीत बसला होता.

आरती झाली. अक्काने सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये विचारलं, "सार, पूजेत ठेवलेलं आज वाचायचं असतं ना?"

"हो अम्मा. वाचायलाच हवं."

"आणि नाही वाचलं तर?"

उत्तर पालकांतल्या एका म्हातारीने दिलं. "वर्षभर विद्या रुसते."

"मग हे वाचायचं राहिलं," अक्का संगणकाकडे बोट दाखवून म्हणाली. "हे पुस्तकच आहे. पुस्तक नसेल तर पूजेत कशाला बसवलं?"

करस्पाँडंट हसले. "ते आम्ही घरी नेऊन वाचू. तुम्ही काळजी करू नका."

"पूजा या शाळेच्या देवीची, आणि वाचणार तुमच्या घरी? असं कुठल्या गावात करतात?"

म्हातारीने मान हलवली. असं करत नाहीत. मग तिच्या शेजारणीने हलवली. करस्पाँडंट हेडमास्तरांकडे पाहू लागले, हेडमास्तर देवीकडे.

अक्काने कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तिने पहिली सीडी उचलली, देवीपुढचा पाण्याचा तांब्या घेतला आणि सीडीवर धार धरली. अंगणात कुजबुज झाली. बाई देवीचं कुंकू धुते आहे.

"पोराच्या कपाळाची विभूतीही अंघोळीला धुताच ना तुम्ही," ती मागे न बघता म्हणाली. "देवी रागावलीच, तर माझं नाव सांगा. राजवाड्यामागे, तिसरं घर."

वरुणरावांनी शिकवलं होतं तसं तिने सुती पदराने मधून कडेकडे पुसलं, गोल नाही. चंदन सहज गेलं. कुंकवाची कणी मात्र रेघ ओढून गेली, बारीकशी. वरुणरावांनी माळ बाजूला केली, वायर जोडली. यंत्र घुरघुरलं, थांबलं आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली: सीडी वाचता येत नाही.

सव्वीस वर्षं हीच ओळ. सगळं अंगण बघत होतं. करस्पाँडंटांनी ड्रायव्हरला खूण केली. तो आत आला आणि मॉनिटर उचलायला वाकला.

तेवढ्यात हेडमास्तर सुब्रमण्यम मध्ये उभे राहिले. "वाचन चालू आहे," ते म्हणाले. "वाचनातून वस्तू उठवता येत नाही."

"सुब्रमण्यम," करस्पाँडंट म्हणाले.

"उठवता येत नाही, सार."

अक्काने सीडी काढली, पुन्हा धुतली, या वेळी श्वास रोखून पुसली आणि आत सरकवली. यंत्र पुन्हा घुरघुरलं. बराच वेळ घुरघुरलं. मग पडद्यावर निळी पृथ्वी आली.

"संगीता कुठे आहे?"

संगीता आजी आणि धाकट्या भावामागे लपली होती. तिला तीन महिन्यांत उंची आली होती. तिने चंदनाने चिकट झालेल्या कीबोर्डवर एका बोटाने, अक्का सांगेल तशी, अक्षरं दाबली. पान उघडलं. अक्का वाचत गेली आणि अंगणाला सांगत गेली: नद्या डोंगरांतून, खडकांतून वाहतात, जाताना कणकण क्षार विरघळवून नेतात. ते इतके थोडे की जिभेला कळत नाहीत. समुद्रातलं पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. असं लाखो वर्षं.

संगीताने थोडा विचार केला. "म्हणजे समुद्राचं मीठ आपल्या कावेरीनेच नेलंय?"

"थोडं तुझ्या कावेरीनेसुद्धा."

पुढच्या प्रश्नाला रांग लागली, आणि रांगेत पहिली ती म्हातारी होती. करस्पाँडंटांची गाडी रिकामीच गेली. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, की मोडलं तर जबाबदार कोण? अक्काने उत्तर हेडमास्तरांना दिलं. "वापरून मोडलं तर मला एक कार्ड टाका, मी येऊन दुरुस्त करून देईन. न वापरता चांगलं राहिलं, तर मी येऊन भांडेन."

त्या रेघेमुळे एका पक्ष्याचा आवाज कायमचा अडकला. बाकी सगळं चाललं.

वर्षभराने अखिलाक्काला कार्ड आलं. हेडमास्तरांनी लिहिलं होतं, कृपया या, नुकसान झालं आहे. ती आयुधपूजेच्या सकाळी पोचली. कपाटाला कुलूप नव्हतं. त्यात आता खडू ठेवले होते. हेडमास्तरांनी दोन्ही हातांनी कीबोर्ड आणून तिच्यापुढे धरला. सूक्ष्मदर्शक फुटल्या दिवशी धरला असेल तसाच. सात-आठ कळांवरची अक्षरं पार झिजून गेली होती, नुसतं गुळगुळीत काळं प्लास्टिक उरलं होतं.

"मुलांना अक्षरं कुठे आहेत ते पाठ आहे, अम्मा," ते घाईने म्हणाले. "पण वस्तू खराब झाली. पूजेत कशी ठेवू?"

अखिलाक्काने कीबोर्ड मांडीवर घेतला. त्या कोऱ्या कळांवरून बोट फिरवलं. मग देवीपुढची वाटी ओढली आणि झिजलेल्या एकेका कळेवर कुंकवाचा टिपका ठेवला.

"गेल्या वर्षी नव्हता, सार," ती म्हणाली. "आता हा पूजेला बसण्यासारखा झाला."