उपासाची चक्कर

"उपास असेल हिचा. मुलींचं दर संकष्टीला हेच," तंबूबाहेर सुभेदार साहेब कोणाला तरी सांगत होते.

आत कॅडेट सानिका पडून होती. वेळ १०५०. आता मला फौज सोडून वर्ष झालं. तेव्हा मी सिग्नल्समध्ये कॅप्टन होते आणि पनवेलजवळच्या दहा दिवसांच्या एनसीसी कॅम्पवर माझी अटॅचमेंट होती. मुलींच्या लाइन्स, म्हणजे तंबूंच्या रांगा, माझ्याकडे. ०५३० ला पीटी, ०७३० ला नाश्ता, ०९०० पासून ऑब्स्टॅकल कोर्स. माझं घर खारघरला, अर्ध्या तासावर. तरी एकदाही गेले नाही.

१०३५ ला सानिका सहा फुटी भिंतीवरून उतरताना घसरली. उठली, कपडे झटकले, रांगेत उभी राहिली. पाच मिनिटांनी खाली बसली. मी पहिला प्रश्न विचारला, "उपास आहे का?" ती हो म्हणाली. मी लिंबूसरबत मागवलं आणि तिला तंबूत झोपवलं. ही माझी चूक.

आदल्या दिवशी एक मुलगा व्हॉलीबॉलच्या खांबावर आपटला होता. तो "काही नाही, काही नाही" म्हणत होता, तरी स्ट्रेचर धावलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. मुलगा पडला की आपण त्याचं डोकं बघतो. मुलगी पडली की सकाळी काय खाल्लं ते विचारतो.

सानिकाच्या तंबूतली रुबिना माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, ही तिसऱ्यांदा विचारतेय, नाश्ता झाला का. आणि हिला उजेड सहन होत नाहीये."

"गप गं, चुगलखोर," सानिका म्हणाली. ती जवळच्याच बेलपाडा गावची. "मॅडम, मला काय नाय झालं. मी फायरिंगला जाणार हाय."

"फायरिंग कधी आहे?"

ती विचार करत राहिली. "आज ना?"

फायरिंग काल झालं होतं. पहिला नंबर तिचाच होता.

मग तिला उलटी झाली. सुभेदार साहेब आत डोकावले. "मॅडम, रिकाम्या पोटी सरबत. होणारच. तासभर झोपू द्या."

त्यांची सर्व्हिस सव्वीस वर्षांची, माझी चार. मी एरवी वाद घालत नाही. मी वॉकीटॉकी उचलला.

"मेडिकल, गर्ल्स लाइन्स. हेड इंजरी. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"गर्ल्स लाइन्स, मेडिकल. ती उपासवाली ना? ओव्हर."

"हेड इंजरी. ताबडतोब. आउट."

११०२ ला गाडी निघाली. रुबिना रस्ताभर तिच्याशी बोलत होती. हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. १३२० ला डॉक्टर बाहेर आले. "मेंदूत रक्तस्राव नाही. कन्कशन आहे, मेंदूला हादरा बसलाय. आजचा दिवस इथेच ठेवू." रुबिना आधी रडली, मग हसली, मग तिला भूक लागली. माझे खांदे सकाळपासून किती ताठ होते ते मला तेव्हा कळलं.

सुभेदार साहेब केळी घेऊन आले. "मॅडम, चुकलं. मला दोन मुली आहेत. त्यांनाही मी हेच विचारतो."

संध्याकाळी कॅम्प कमांडंट कर्नल साहेबांनी बोलावलं. "गुड कॉल. कसं ओळखलंत?"

ही गोष्ट मी दोन वर्षं घरीसुद्धा सांगितली नव्हती.

"सर, माझ्या कंपनीत लान्स नाईक बलदेव होता. बॉक्सिंगमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. 'ठीक हूँ, मॅडम,' म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मीच त्याला झोपायला पाठवलं. तो उठला नाही."