हरलेल्या कोचला गाडीत बसवून देणारे मोठेबाबा

फोन आला तेव्हा मी दुर्गजवळच्या रिसालीच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. चुलतभाऊ मनीष एरवी हिंदीतच बोलतो. त्या दिवशी मराठीत म्हणाला, "ताई, मोठेबाबा गेले." आणि मग, "सकाळी चहा मागितला, अन् आणेपर्यंत..." मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, देवराव. तेरवीला बोरसीच्या घरी पंगत उठल्यावर आमच्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी वडिलांजवळ येऊन बसले. "भाऊ गेले. कोचनंही राजीनामा दिला. तीन वर्षं झाली, टीम हरूनच राहिली. आता भाऊंसोबत क्लबही सन्मानानं बंद करू. या सीझनला एन्ट्री नको." बसलेल्यांनी माना डोलावल्या. मी ताटं उचलत होते आणि गप्प राहिले, याची मला अजून लाज वाटते.

मोठेबाबा दुर्गच्या रेल्वे यार्डात रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. क्लब सेक्टर दहाच्या स्टील प्लांटवाल्यांचा, तिथे या रेल्वेच्या माणसाचं खरं तर काही काम नव्हतं. पण एकदा ते मॅच पाहायला गेले, हरणाऱ्या बाजूनं ओरडले आणि मग जन्मभर त्याच बाजूचे झाले. घरातल्या पोरांना फुटबॉलची गोडी नव्हती, म्हणून सायकलवर मला बसवून न्यायचे. त्यांची बायको, आमची मोठीमाय, चिडायची, "पोरीले कावून नेता जी तिथं?" ते म्हणायचे, "हरताना पाह्यलं पाहिजे माणसानं. पोरीनंही."

मला आठवणारे पहिले कोच खरगपूरकडचे दादा. चेंडू उंच मारलेला त्यांना खपत नसे, सारे पास जमिनीवरून. आमच्या मैदानावर गवत नव्हतं, नुसता मुरूम. चेंडू खड्यावर आपटून भलतीकडे जायचा आणि आम्ही हरायचो. शेवटी समर्थकांनी कमिटीला तक्रार लिहिली. अक्षर मोठेबाबांचं. दादांना काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबा ड्यूटीवर असताना त्यांना दादा दिसले, प्लॅटफॉर्मच्या टोकाला स्वतःच्या ट्रंकेवर एकटेच बसलेले. "मी मालगाडीच्या डब्यामागं लपलो," त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. "माणसाच्या पाठीमागं लिहिलं, अन् समोर जायची हिंमत नाही झाली."

तेव्हापासून रीत पडली. जाणारा कोच कितीही वाईट असो, समर्थकांनी दुर्ग स्टेशनवर जायचं. मोठेबाबा त्याच्या चुका त्याच्या तोंडावर सांगायचे, एकही न गाळता. मग मोठीमायनं केलेल्या सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, डबा हातात द्यायचे आणि खिडकीशी जागा करून द्यायचे. हारतुरे नाहीत. रिटायर्ड सुभेदार कोच झाले, तेव्हा पोरांना पहाटे इतकं पळवत की मॅचच्या दुसऱ्या हाफमध्ये कुणाचा पाय उचलत नसे. त्यांना मोठेबाबा म्हणाले, "साब, आपने लड़कों को घोड़ा समझ लिया था." सुभेदार डबा उघडत म्हणाले, "घोड़े होते तो जीत जाते, देवराव." गाडी हलली तरी दोघं हसत होते. मग एक पीटीचे मास्तर आले. कुणाचं मन दुखू नये म्हणून ते दर मॅचला कॅप्टन बदलायचे. एका मॅचमध्ये दोन माजी कॅप्टन एकाच पेनल्टीला धावले, एकमेकांना पाहून बिचकले आणि चेंडू समोरच्या गोलकीपरकडे घरंगळत गेला. त्याच वर्षी आम्ही खालच्या गटात घसरलो. शेवटच्या मॅचला सात गोल खाल्ले, तेव्हा आमच्या बाजूला पाच माणसं उरली होती. पलीकडून कुणीतरी विचारलं, "काहो काका, घरी टीव्ही नाही का?"

"आहे ना," मोठेबाबा म्हणाले. "त्यात आमची टीम दाखवत नाहीत."

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मी केमिस्ट्रीत नापास झाले. घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे लगेच लग्नाचं बोलणं निघालं. मोठेबाबा आले आणि मला समोर बसवून म्हणाले, "तू प्रॅक्टिकलची वही उतरवली, समजून नाही घेतली. इंग्रजीचं भेव वाटलं तं कोणाले सांगितलं नाही." मी रडले. त्यांनी जेवणाचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि वडिलांना म्हणाले, "पोरीले अजून एक सीझन दे." त्या एका सीझनवर मी आज विज्ञान शिकवते.

राजीनामा दिलेल्या कोचची गाडी तेरवीनंतर चार दिवसांनी होती. आम्ही पाच समर्थक स्टेशनवर गेलो. बोलायचं कुणी, असं होताच सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "सर, एक गोल बसला की तुम्ही खाली पाहायचे. पोरंही मग खालीच पाहायची." त्यांनी डबा घेतला आणि विचारलं, "आता टीमचं काय?"

"टीम आहे," मी म्हटलं. "कोच शोधून राहिलो."

असं बोलून तर टाकलं, आणि मग तिथूनच सेक्टर दहामध्ये सेक्रेटरींच्या क्वार्टरवर गेले. "काका, क्लब तुम्हाला बंद करायचा आहे. मोठेबाबांचं नाव पुढे करू नका," मी तोंडावर सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "फॉर्मवर जबाबदारीची सही लागते बाई. ती दरवर्षी भाऊच करायचे. आता कोण करते?"

"मी."

"पुन्हा सात गोल खाल."

"खाऊ."

त्यांनी कपाटातून फॉर्म काढला.

गेल्या रविवारी पहिली मॅच झाली. कोच अजून मिळालेला नाही. समर्थक नेहमी समोरच्या गोलमागे उभे राहतात, आपण केलेला गोल जवळून दिसावा म्हणून. मोठेबाबा मात्र आपल्याच गोलमागे उभे राहायचे. चेंडू जाळ्यात आला की गोलकीपरला तो उचलून देणारं कुणी आपलं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या जागी मी उभी राहिले. चेंडू चार वेळा आत आला. चारही वेळा मी तो उचलून पोराच्या हातात दिला, आणि चारही वेळा आम्ही मधल्या रेषेवरून पुन्हा सुरुवात केली.