तीन खारी, बांधासकट

कल्याण बंदर नसतं तर पृथ्वीवरची माणसं अजून झाडपाला नेसून हिंडली असती, असं ठाम मत असलेले एकच गृहस्थ मला माहीत आहेत, आणि देवाच्या दयेनं ते माझे घरमालक होते; सगळे त्यांना काका म्हणत. मुंबईला ते ‘समोरचं बेट’ म्हणत. ठाण्याचा विषय निघाला की सांगत, “आमच्याकडे येणारी गलबतं वाटेत तिथं पाणी भरीत. झाला ठाण्याचा इतिहास!” आगगाडी कल्याणास आली याचंही त्यांना नवल नव्हतं, बेटावरून निघाल्यावर ती बिचारी जाणार तरी कुठे? परसात खणताना खापर सापडलं की ते स्वतःच्या उपरण्यानं पुसत आणि ग्रीक यवनांच्या मद्याचं भांडं म्हणून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवत. एकदा काकू म्हणाल्या, “अहो, ही माझी लोणच्याची बरणी. चैत्रात फुटली ती.” काका डगमगले नाहीत. “बरणी तुझी असेल गं, पण घडवायची विद्या कुठल्या गलबतातून आली?” आणि बरणी कोनाड्यात गेली.

मी घाटावरचा. वडील गेले आणि मराठी चौथीतच शाळा सुटली. विशीत कल्याणास येऊन लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर खुणा घालू लागलो. काकांनी मला माडीवरची खोली दिली. भाडं नाही, फक्त ते मोडीत लिहीत असलेल्या गावच्या इतिहासाची बाळबोधीत नक्कल करून द्यायची. खोलीला खाडीकडे उघडणारी खिडकी होती. एवढं सुख आपल्याला पचायचं नाही, आज ना उद्या काका ‘जागा सोड’ म्हणणार, या धास्तीनं मी जिनासुद्धा अनवाणी चढत असे.

आणि तशी वेळ मी स्वतःच आणली. इतिहासात एक वाक्य होतं: ‘राजाने देवळास तीन खारी बांधासकट दिल्या.’ आमच्याकडे खार म्हणजे झाडावर तुरुतुरु चढणारी. राजानं देवाला खारी का द्याव्यात हे मला कळेना. पण विचारलं तर अडाणी ठरेन आणि खोली जाईल. तेव्हा मी वाक्य जरा सोपं केलं: ‘राजाने देवळास तीन खारी दोरीने बांधून दिल्या.’

त्याच आठवड्यात काकांनी वाचनालयात सगळ्या गावापुढे ती नक्कल वाचायला घेतली. पेढीवाले, वकील, मिठागरवाले, सगळे आले होते. काका रंगात येऊन वाचत होते, त्या ओघात दोरीसुद्धा वाचून गेले. मग मिठागराचे मालक असलेले एक आगरी आजोबा म्हणाले, “काका, दोरी बांधली ह्या बरा झाला. नायतं पलाल्या असत्या!” छप्पर उडेल एवढं हसू उसळलं. शेजारच्यानं हसत हसत मला समजावलं, “अरे, खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात लावायचा, त्या जमिनीला इथं खार म्हणतात.” मनात माझी वळकटी बांधूनसुद्धा झाली होती.

काकांनी कागद पाहिला, चष्म्यावरून मला पाहिलं. “हसा,” ते लोकांना म्हणाले. “दोन हजार वर्षं या बंदरात परकी माणसं उतरताहेत. त्यांना आपली बोली कळते की नाही, हे आपण कधी विचारलं? मीही नाही विचारलं. चूक माझी.” आणि पाणी पिऊन पुढचं पान वाचू लागले.

घरी येताना मी म्हटलं, “काका, खोली उद्या रिकामी करतो.”

“उद्या? उद्या नवं प्रकरण सुरू करायचंय. बाहेरून येऊन इथं राहिलेली माणसं. इतिहास लिहायला बसलो आणि तेच राहिलं बघ! पहिलं नाव तुझं घाल. गाव कुठलं तुझं? नीट सांग, पुन्हा घोळ नको.”

काका गेले तेव्हा ते प्रकरण दीड पानच झालं होतं. पुस्तक छापलं गेलं नाही. मी अजून त्याच माडीवर आहे. वखारीत कुणी नवा माणूस आला की त्याला नाव-गाव विचारतो आणि रविवारी त्या प्रकरणात लिहून ठेवतो. आता बरीच पानं झाली आहेत. वाचून कुणाला दाखवायची, एवढंच कळत नाही.