ब्रेकचं पेडल वर येईना

हिवाळाभर गाडी झाकून ठेवायची, हा हुकूम माझ्या मुलाचा. दिवाळी आटोपली आणि मला हार्ट अटॅक आला. दोन स्टेंट टाकून मी घरी यायच्या आत पुण्याहून आलेल्या या चिरंजीवांनी गाडीवर कव्हर चढवून, दोऱ्यांनी आवळून, बॅटरीची वायर काढून ठेवली होती. “पप्पा, आता रिस्क नको.” पुण्यात राहायला गेल्यापासून त्याच्या प्रत्येक वाक्यात एक रिस्क असते. तेव्हाही माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही जाते.

होळीच्या सुमारास डॉक्टरांनी तपासलं आणि गावातल्या गावात चालवायला हरकत नाही म्हणाले. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच मुलाला फोन लावला. मला वाटलं, गप्प बसेल. तो म्हणाला, “पप्पा, मी रविवारी येतोच आहे. गाडी इकडे घेऊन येतो आणि विकून टाकू. तुम्हाला रिक्षा आहेतच की.” विकून टाकू! जणू घरात पडलेली रद्दीच.

ही आमच्या सगळ्या खानदानातली पहिली चारचाकी. वैजापूरकडच्या आमच्या गावात माझे वडील वेशीतून जाताना चपला काढून हातात घ्यायचे. गाडी घेतल्यावर मी पहिल्यांदा गावात गेलो तो त्याच वेशीतून, हॉर्नवर हात दाबून. तो हॉर्न ज्यांनी ऐकायला हवा होता त्यांनी ऐकला. ही गाडी मी असा कोणाच्या सोयीसाठी विकायला काढणार नव्हतो. रविवारी मुलगा गेटपाशी आला की मी त्याला स्टिअरिंगवरच दिसलो पाहिजे, एवढं मी ठरवून टाकलं.

कव्हर काढलं, बॅटरी जोडली. शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घेऊन इंजिन चालू झालं. मी ब्रेक दाबला. पेडल नीट खाली गेलं. पाय काढला, तर ते कसंबसं वर आलं आणि दोन बोटं कमी असताना तिथंच थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“अहो, मागचे लाल दिवे जळतेत,” बायको पायरीवर मेथी निवडत बसली होती, तिथून म्हणाली. “ब्रेकवरचा पाय काढा की.”

“काढलाय. आणि तू मेथी निवड,” मी म्हणालो.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, उभ्याउभ्याच एकदा पेडल दाबलं आणि मान हलवली. “मास्टर सिलेंडर गया, अंकल. बूस्टर का भी बोल नै सकता. चार महिने खडी थी ना.” त्याने वाकून खाली बघण्याचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. गाडी सोडा, मंगळवारी देतो म्हणाला. मंगळवारी! म्हणजे रविवारी मुलगा येणार, गाडी गॅरेजात बघणार आणि म्हणणार, बघा, मी काय सांगत होतो? मी त्या मेकॅनिकला वाटेला लावलं. मी सरकारी खात्यात पंपांच्या देखभालीत नोकरी काढली आहे. बंद पडलेलं यंत्र न बघता त्याचा सगळ्यात महाग भाग बदलायला सांगणारे ठेकेदार मी पोत्याने पाहिले आहेत.

मग मी स्वतःच बसलो. आधी पायाखालची मॅट काढून फेकली, ती अडकत नव्हती. बॉनेट उघडून ब्रेक ऑइल बघितलं. पातळी बरोबर, रंगही ठीक. इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबलं, म्हणजे पायाला जोर देणाऱ्या बूस्टरमधली ओढ संपते. तरी पेडल अडकलेलंच, म्हणजे बूस्टरचा दोष नाही. मग बुटाचं टोक पेडलच्या खाली घालून हलकंच वर उचललं. ते मुकाट वर आलं, वरच राहिलं आणि मागचे दिवे विझले. आता चाकं धरतात का ते बघायचं होतं. गाडी न्यूट्रलला टाकली, खाली उतरलो आणि दाराच्या खांबाला खांदा लावून ढकलली.

“अहो! छातीचं ऑपरेशन झालंय, विसरलात काय?” बायको धावत आली.

“ऑपरेशन नव्हतं ते,” मी ओरडलो. गाडी विनातक्रार पुढे गेली. म्हणजे चाकं मोकळी, सिलेंडर शाबूत. पेडल ज्या पिनेवर झुलतं तिथंच काहीतरी धरत होतं.

ती जागा बघायची तर माणसाला पाठीवर पडून डोकं स्टिअरिंगखाली घालावं लागतं. मी घातलं. पाय गेटाकडे बाहेर. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं विचारलंही, “काकांना काय झालं?” मी आतूनच तिला काहीतरी वाकडं बोललो. मोबाईलचा उजेड पिनेवर टाकला. पिनेभोवती आणि शेजारच्या स्प्रिंगवर पिवळट तपकिरी, चकचकीत थर बसला होता. नख लावलं तर रुतलं आणि ओढलं तर तार निघाली. तारेला कापसाचा एक धागा चिकटलेला. मी बोट नाकाशी नेलं.

करडीचं तेल. त्यात चुकायला जागाच नव्हती. आमच्या घरात घाण्यावरचं करडीचं तेल येतं आणि स्वयंपाकाखेरीज ते दाराच्या बिजागरीला लागतं, शिलाई मशीनला लागतं, कूलरच्या पंख्याला लागतं. पण हे तेल उघड्यावर पातळ राहत नाही. तेलाच्या डब्याच्या बुडाला जो चिवट थर धरतो, सोड्याच्या गरम पाण्याशिवाय निघत नाही, तोच थर माझ्या ब्रेकच्या पिनेवर बसला होता.

बोट पुसायच्या आधी मी मुलाला फोन लावला. गाडीला शेवटचा हात त्याचा लागला होता. मी विचारलं, कोणत्या गाढवानं तुला ब्रेकला खायचं तेल घालायला शिकवलं? मला गाडी चालवू द्यायची नव्हती तर तोंडावर सांगायचं, हे असले धंदे कशाला? आणखीही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो मधे म्हणाला, “पप्पा, मी गाडीत कसलंच तेल घातलं नाही. आधी बीपी बघा.” मी फोन कापला.

बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदराला हात पुसले.

“त्याला कशाला बोलताय? तेल मी घातलं.”

“कशाला?”

“लई करकरत व्हतं.”

“बंद गाडी झाकलेली. तिचं पेडल कोणी दाबल्याशिवाय करकरेल कसं?”

“दाबत व्हते की मी.”

सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं, डोळ्याला डोळा देऊन. गोळ्यांनी मला दुपारी गाढ झोप लागायची. मी झोपलो की ती ड्रायव्हरच्या बाजूनं कव्हर उचलून आत शिरायची आणि कव्हराखालच्या त्या अंधारात क्लच, ब्रेक दाबत बसायची. मुकुंदवाडीच्या बाजूला ड्रायव्हिंगचा क्लास होता. तिथं ती जात होती आणि मला सांगत होती बहिणीकडं चालले. “पाय बसला पायजे म्हणतेत तिथं. म्हणून घरी सवय करायचे. पेडलचा आवाज व्हायचा, तुम्ही जागे व्हाल म्हणून वातीनं तेल सोडलं. दोनदा सोडलं.”

“मला विचारायचं नाही?”

“विचारलं व्हतं, मला शिकवा म्हणून. गाडी आली त्याच वर्षी. तुम्ही पाहुण्यांच्या देखत हसलात.”

मला आठवेना. आठवलं असतं तरी मी त्या क्षणी कबूल केलं नसतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. माझ्या गाडीत, माझ्या जागेवर, मला झोपवून! मी तिला तसं म्हणालोही.

“व्हय, तुमचीच गाडी,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुमची गाडी दारात उभी व्हती. चावी खिळ्याला. तुम्ही फरशीवर पडलेले, घामानं निथळत. आन् मी गल्लीत एकेकाचं दार वाजवतेय, कुणी गाडी चालवता का, गाडी चालवता का म्हणून. दुपारची वेळ, कुणी घरात नाय. लई वेळानं रिक्षा घावली. आता मी कुणाच्या दारात जायची नाय.”

एवढं बोलून ती आत गेली, आणि मी तिथंच गाडीला टेकून उभा राहिलो. माझा राग काही उतरला नाही. फक्त तो आता कोणावर काढावा ते कळेना.

संध्याकाळी मी जुना टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून पिन आणि स्प्रिंग घासून काढली. कोरडी पुसली, बोटानं ग्रीस भरलं. टॉर्च तिनं धरला. “नीट धर,” मी म्हणायचो. “धरलाय,” ती म्हणायची. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. पेडल सोडलं की टक् करून जागेवर यायला लागलं.

रविवारी मुलगा आला. त्यानं आल्याआल्या पेडल दाबून बघितलं, गाडीभोवती एक चक्कर मारली.

“गाडी ठणठणीत आहे. कुठं जाणार नाही,” मी म्हणालो.

“पप्पा, पण चालवणार कोण?”

या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. ते तोंडातून निघायच्या आत बायको पायऱ्या उतरली, माझ्या हातातली चावी घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. काचेला आतून लाल एलचा कागद चिकटवला.

“शिकाऊ लायसन हाय माझं. शेजारी लायसनवालं माणूस लागतंय,” ती मला म्हणाली. “बसा. आन् वरडायचं नाय.”

मुलगा आ वासून उभा. त्याच्यासमोर तमाशा नको म्हणून मी बसलो. गेटातच तिनं दोनदा गाडी बंद पाडली. गल्लीतली माणसं बघत होती. माझे कान तापले. क्लच फार लवकर सोडत होती, ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा गाडी निघाली.

उस्मानपुऱ्याच्या चौकात बाजाराकडं वळायचं सोडून ती दुसऱ्याच बाजूला वळली.

“कुठं निघालीस?”

“दवाखान्यात,” ती समोरून नजर न हटवता म्हणाली. “रस्ता पाठ करायचाय.”

“मी बरा आहे आता!” मी ओरडलोच.

“व्हय,” ती म्हणाली आणि गिअर बदलला.